टोमॅटोवर जाऊ नका, वाटीकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाजारात गेलं की पाचशेची नोट पिशवी अर्धी भरायच्या आत संपते आणि बातम्यांत मात्र महागाई उतरली म्हणून सांगतात. मग रोजच्या खाण्याच्या भावावरून महागाई खरंच वाढतेय का हे घरातल्या माणसाने ओळखायचं कसं, आणि डाळ-तेल आत्ताच भरून ठेवावं का?

मी काही अर्थतज्ज्ञ नाही. पुण्यात नवी पेठेत १९९९ पासून खानावळ चालवते, दुपारची दीडशेच्या आसपास ताटं, रात्री थोडी कमी, बहुतेक सगळी एमपीएससीची पोरं-पोरी. आठवड्यातून तीनदा पहाटे मार्केटयार्डात मी स्वतः जाते आणि घरी आल्यावर चहा घेता घेता भाव वहीत उतरवते, अशा अकरा वह्या झाल्यात आतापर्यंत. आकडेवारीतलं जे काही कळतं ते ह्या पोरांमुळे, कारण सीपीआय म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक त्यांच्या अभ्यासाला आहे आणि दर महिन्याच्या १२ तारखेला सरकारी आकडा आला की जेवताना त्यावरूनच जुंपते, ताटातली आमटी गार झाली तरी ह्यांचं चालूच.

तर पहिली गोष्ट, भाजीचे भाव बघून महागाई ठरवायची सवय सोडून द्या. भाजी ही पावसाची भाषा बोलते, महागाईची नाही.

२०२३ चा जुलै आठवत असेल. टोमॅटो पुण्यात किलोला दीडशेच्या घरात गेला होता, नारायणगावला वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघत होता, टीव्हीवाले शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन कोटीच्या गोष्टी सांगत होते, उत्तरेकडच्या बर्गरवाल्यांनी तर टोमॅटो घालणंच बंद केलं. त्या महिन्याचा देशाचा महागाईचा आकडा जूनच्या ४.८७ वरून एकदम ७.४४ टक्क्यांवर गेला. आणि सप्टेंबरात? आकडा परत ५.०२ वर, आणि क्रेटला शंभर रुपये सुटेनात म्हणून शेतकरी माल रस्त्यावर ओतत होता. ह्यात गूढ काही नाही, टोमॅटोचं रोप लावल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत तोडा सुरू होतो, उन्हाळ्यात भाव पडलेले म्हणून लागवड कमी झाली, त्यात ऊन आणि रोग, म्हणून जुलैत चढला, चढलेला बघून सगळ्यांनी लावला, म्हणून सप्टेंबरात पडला. ह्याला महागाई म्हणायचं तर दर दोन महिन्यांनी महागाई येते आणि जाते.

आणि माझ्या ताटाचं काय झालं ते सांगते. एका ताटाला सगळं धरून चाळीसेक ग्रॅम टोमॅटो लागतो. एरवी त्याचा रुपया होतो, त्या जुलैत सहा झाले. दीडशे ताटांचे दिवसाला साडेसातशे रुपये जास्त, म्हणजे लागतंच, पण त्यावर उपाय असतो, आमटीत चिंच आणि भाजीत आमसूल घातलं, कोशिंबीर काकडीची केली, दीड महिना निघून गेला. पाटीवरचा ताटाचा भाव एक रुपयाने हलला नाही. तसंच २०१९ च्या डिसेंबरात कांदा शंभरी ओलांडून गेला तेव्हा ताटात कांद्याच्या फोडीच्या जागी मुळा आला, पोरांनी नाकं मुरडली, बास.

भाजीला तर आपलं एक पंचांगच असतं. पितृ पंधरवड्यात गवार आणि कारलं चढणार म्हणजे चढणार, श्रावणात अंडी उतरणार, थंडीत तीच अंडी परत चढणार, आषाढी एकादशीच्या आठवड्यात रताळी आणि भगर विचारू नका. कोथिंबीर तर सगळ्यात नाटकी, मार्केटयार्डात तिचा भाव शंभर जुड्यांवर बोलतात, पावसाची झड लागली की शेकडा चार हजार आणि ऊन पडून आवक झाली की त्याच गाळ्यावर कोणी फुकट नेईना. म्हणून गेल्या महिन्यापेक्षा गवार दुप्पट झाली असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते, पितृपक्ष आहे का? भाजीची तुलना करायचीच असेल तर गेल्या वर्षीच्या ह्याच तिथीशी करा, गेल्या महिन्याशी नाही. (मंडईत दर ऐकतानाही सांभाळा, आपल्याकडे घाऊकचा कांदा-बटाटा दहा किलोवर बोलतात आणि लासलगावचा भाव क्विंटलवर, बातमीत दोन्ही एकाच दमात सांगतात आणि ऐकणारा घाबरतो.)

मग ताट कधी महाग झालं? माझ्या पाटीचा इतिहास सांगते. १९९९ ला ताट १८ रुपये, २००८ ला ३५, २०१६ ला ७०, २०२२ च्या मेपर्यंत ९०, आज १२०. सव्वीस वर्षांत कांदा-टोमॅटो किती वेळा आभाळाला टेकले आणि किती वेळा मातीत गेले ते वहीत आहे. ताट मात्र एकदाही खाली आलं नाही. मी आणलं नाही असं म्हणा, खरं तेच आहे. २०१५ च्या दिवाळीत तूरडाळ दोनशेवर गेली तेव्हा मी मसूर मिसळून कसंबसं वर्ष काढलं आणि मग ताटाचे सत्तर केले. २०१७ ला तुरीचं एवढं पीक आलं की शेतकऱ्याला हमीभावसुद्धा मिळेना आणि दुकानात डाळ सत्तर-ऐंशीवर आली, पण मी पाटी पुसली का? नाही. कारण मधल्या काळात पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी वाढवली होती, जागेचं भाडं वाढलं होतं, आणि डाळ उतरली म्हणून मजुरी काही उतरत नाही, कोणाची उतरवायची?

माझं सगळं म्हणणं ह्याच्यात आलं. जे चढतं आणि उतरतं ती भाववाढ, जे चढतं आणि तिथेच बसतं ती महागाई. कच्चा माल उतरतो, शिजवलेलं अन्न उतरत नाही. कारण शिजवलेल्या अन्नात निम्म्याच्या वर माल नसतोच, गॅस असतो, हात असतात, भाडं असतं, दळण असतं. म्हणून चहाची टपरी, वडापावची गाडी, पोळीभाजी केंद्र आणि आमच्यासारख्या खानावळी ह्यांच्या पाट्या बघा. एकाच टपरीने भाव वाढवला तर ती त्याची गरज, पण तुमच्या रस्त्यावरच्या चार जणांनी दोन-तीन महिन्यांत पाठोपाठ पाटी बदलली तर समजा महागाई मुक्कामाला आलीय.

ह्यावर एका पोराने मला एक मजेशीर गोष्ट दाखवली होती. २०१२ हे पायाभूत वर्ष, म्हणजे त्या वर्षीचे भाव शंभर धरून पुढचे मोजायचे, अशा जुन्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा एकूण वाटा शंभरात ४५.८६ होता, त्यात भाज्यांचा ६.०४ आणि तयार जेवण, फराळ, मिठाई ह्यांचा ५.५५. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच! पण कांदा-टोमॅटोच्या बातम्या वर्षभर, आणि ताट दहा रुपयांनी वाढलं ह्याची बातमी कोणी केलेली मी तरी बघितली नाही. कांदा, बटाटा, टोमॅटो तिघे मिळून त्यात सव्वादोनच्या आत होते, पण उड्या एवढ्या मारतात की सगळा आकडा हलवतात.

आता ते पाटी बदलायच्या आधीचं, हे बाहेरच्याला दिसत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

धंद्यात भाव वाढवायची भीती वाटते. नव्वदचे शंभर केले की दहा पोरं शेजारच्या खानावळीत जातात, हे आम्हाला पाठ असतं. म्हणून आधी ताट बारीक होतं, पाटी नंतर बदलते. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि उन्हाळ्यात सूर्यफूल तेलाचा पंधरा किलोचा डबा दर आठवड्याला वेगळ्या भावाने यायला लागला, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा तर किराणा दुकानदार म्हणाला ताई दोनच डबे देतो, उद्याचा भाव उद्या. वर १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर दोन हजारांच्या पार. मी पाटी बदलायची हिंमत केली नाही. रविवार पेठेत जाऊन नवीन वाट्या आणल्या. जुन्या वाटीत काठोकाठ १६० मिली पाणी मावायचं, नवीन वाटीत १३०, उंची तेवढीच, बूड जरा आत घेतलेलं. लिंबाच्या चारऐवजी सहा फोडी करायला लागलो. पोळीचा उंडा पस्तीस ग्रॅमवरून तीसवर. पापड फक्त रविवारी.

पहिले चार दिवस कोणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी लातूरकडचा एक पोरगा वाटी उलटी करून बघत म्हणाला, "काकू, वाटी धुऊन धुऊन आटली का हो?" सगळी पंगत हसली, मीही हसले, पण खरं सांगते, लाज वाटली. पोरं डाळ जास्त मागायला लागली, वाढप्याचे हेलपाटे वाढले, शेवटी वाचलं काहीच नाही. पुढच्या महिन्यात सरळ शंभराची पाटी लावली आणि जुन्या वाट्या परत काढल्या. नव्या वाट्या अजून माळ्यावर आहेत, सणावाराला खिरीला वापरते.

तर वाटी, फोड, उंडा हे बघायला शिका. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम तरी छापलेले असतात, पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होत जातात हे वाचून कळतं. वड्यावर ग्रॅम कोण छापतो? वडापाव दहाचा बारा, बारा चा पंधरा असा टप्प्याटप्प्याने उडी मारतो, आणि प्रत्येक उडीच्या आधी पाच-सहा महिने वडा लहान होत असतो, चटणी पातळ होत असते, तळलेली मिरची मागितल्याशिवाय मिळत नाही. तेव्हाच ओळखायचं की पाटी बदलायची वेळ जवळ आलीय.

आणखी एक खूण माझ्या आवडीची आहे, गिरणीतलं दळण. गहू उतरला तरी दळणाचा दर उतरत नाही, त्यात वीज, जागेचं भाडं, माणूस, आणि दगडाला टाकी लावायचा खर्च एवढंच असतं. पावसाचा, श्रावणाचा, निर्यातबंदीचा कशाचाही त्याच्यावर परिणाम नाही. तुमच्या गिरणीवाल्याने किलोमागे रुपया वाढवला तर तो उगाच नाही वाढवलेला. दुधाचंही जवळपास तसंच, लिटरला दोन रुपये चढले की क्वचितच उतरतात, आणि दूध चढलं की चहा, मग पनीर, मग पेढे, ही रांग ठरलेली.

आता ते बातम्यांचं. आकडा उतरला आणि भाव उतरले नाहीत, मग सरकार खोटं बोलतं का, असं माझे गिऱ्हाईक नेहमी विचारतात. खोटं नाही, पण ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. महागाईचा दर म्हणजे गेल्या वर्षी ह्याच महिन्यापेक्षा भाव किती टक्क्यांनी वाढले, एवढंच. दर कमी झाला म्हणजे वाढायचा वेग कमी झाला, भाव उतरलेच असं नाही. उदाहरण खरंच घेऊ. २०२४ च्या ऑक्टोबरात खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती. २०२५ च्या ऑक्टोबरात ती उणे ५.०२, म्हणजे शून्याच्याही खाली, आणि एकूण महागाई फक्त ०.२५ टक्के, २०१२ च्या मालिकेतला सगळ्यात कमी आकडा. पेपरात मोठे मथळे. आता हिशोब करा, २०२३ ला जे शंभर रुपयांना होतं ते २०२४ ला ११०.८७ झालं, त्यातून पाच टक्के गेले की साधारण १०५.३०. म्हणजे "महागाई शून्याखाली" असतानासुद्धा दोन वर्षांपूर्वीच्या मानाने तुम्ही पाच रुपये जास्तच देताय. आणि उतरल्या होत्या त्यातही मुख्य म्हणजे भाज्या आणि डाळी. त्या ऑक्टोबरात माझ्या पोळीवाल्या बायकांची मजुरी उतरली नव्हती.

दुसरं असं की तो आकडा कोणा एकाच्या घरचा नाही. २०१२ च्या मालिकेत देशभरातली १,११४ शहरी बाजारपेठा आणि १,१८१ गावं ह्यांतून भाव गोळा करून सरासरी काढायचे. त्यातही गावाकडे खाण्याचा वाटा शंभरात ५४.१८ धरलेला होता आणि शहरात ३६.२९. आता माझ्याकडे जेवणारा पोरगा महिना नऊ-दहा हजारांत राहतो, कॉटबेसिसचं भाडं गेल्यावर उरलेलं सगळं पोटातच जातं, त्याची महागाई आणि बंगल्यातल्या माणसाची महागाई एक कशी असेल? रिझर्व्ह बँकेचं ठरलंय की महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची, दोन इकडे दोन तिकडे चालेल. बरोबर आहे, पण ते व्याजाचे दर ठरवायला. तुमच्या घरचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो.

काढायचा कसा, तर अवघड नाही. एकच दुकान, एकच ब्रँड, एकच वजन, दर महिन्याची एकच तारीख. दूध, तेल, तुम्ही खाता तोच तांदूळ, दळण, आणि बाहेरचा एक चहा. भाजी त्या यादीत धरूच नका, लिहायचीच असेल तर मागच्या पानावर लिहा. ह्या पाचातलं एखादं हललं तर सोडून द्या, तेल तर सरकारच्या एका कागदावर हलतं, २०२४ च्या १४ सप्टेंबरला आयात शुल्क वाढवलं आणि डबा रातोरात चढला, २०२५ च्या मेअखेर कच्च्या खाद्यतेलावरचं कमी केलं. पण तीन-चार गोष्टी सलग तीन महिने वर आणि खाली काहीच येत नाही, असं दिसलं की मग बजेट बदला. मी त्यावरच पाटी बदलते.

कांद्याचं एक बोलल्याशिवाय राहवत नाही. माझं माहेर मंचरकडचं, भावाची कांदा साठवायची चाळ आहे. उन्हाळी कांदा एप्रिल-मे मध्ये चाळीत जातो आणि ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो, त्यात पावसाने नवीन लाल कांदा लांबला की भाव चढतो, हे दर वर्षाचं. पण चढला की दिल्लीत धावपळ सुरू, २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, तरी जमेना म्हणून ८ डिसेंबरला सरळ बंदी, लासलगावचा भाव बघता बघता निम्म्याच्या आसपास. बंदी उठली ४ मे २०२४ ला, शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. त्या डिसेंबरात मला कांदा स्वस्त मिळाला, ताटात फोड परत आली, आणि भावाने फोनवर दोन आठवडे धड बोलणं टाकलं. कांद्याच्या भावाने महागाई मोजणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की आपल्या आरडाओरड्याचं बिल कोणाच्या तरी चाळीत जातं.

राहिला प्रश्न भरून ठेवण्याचा. घाबरून काहीच भरू नका. भाव चढलेला असताना भरणं म्हणजे शेंड्यावर चढून झाड विकत घेणं. तेल तर नकोच, ते खवट होतं आणि वर म्हटलं तसं त्याचा भाव आपल्या हातात नाही. डाळ भरायची असेल तर नवी तूर बाजारात आल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, लातूरच्या मिलची नवी डाळ आली का असं दुकानदाराला विचारून घ्या, गहू एप्रिल-मे मध्ये, लसूण आणि मिरची उन्हाच्या तोंडावर. डाळीला दोन दिवस कडक ऊन दाखवायचं, गार झाल्यावर एरंडेलाचा हात फिरवायचा. आणि सहा महिन्यांच्या वर पुरेल एवढी नको. मी २०१६ च्या पावसाळ्यात आता तूर अडीचशेला जाणार ह्या भीतीने दोन पोती भरली, आणि पुढच्या वर्षी शेजारची खानावळ सत्तरची डाळ शिजवत होती तेव्हा मी माझी दीडशेची संपवत बसले होते.